मदत हवी आहे: टाकीतल्या पाण्यात बुडबुडे आणि जांभ्याची माती

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या संशोधनासाठी रत्नागिरीजवळ काचेच्या लांब टाकीत लाटांचे प्रयोग करतोय. पाण्यात सुमारे १० मायक्रॉनचे पोकळ काचकण सोडायचे, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरचा पातळ पडदा पाडायचा आणि लागोपाठच्या दोन फोटोंतून वेग काढायचा (पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री, म्हणजे पीआयव्ही). हे कण तासाला जेमतेम दोन सेंटिमीटर खाली बसतात, त्यामुळे त्यांचा त्रास नाही.

त्रास पाण्याचा आहे. पंपाने टाकी भरली की बारीक बुडबुडे येतात. दशांश मिलिमीटरचा बुडबुडासुद्धा सेकंदाला अर्धा सेंटिमीटर वर चढतो, आणि सॉफ्टवेअर त्यालाच कण समजतं! रात्रभर पाणी स्थिर ठेवलं की बरंच सुधारतं. पण पावसाळ्यात विहिरीचं पाणी जांभ्याच्या मातीने लालसर होतं आणि ती मातीही लेझरमध्ये चमकते. तुरटी फिरवून पाहावी का, की काचकणही मातीसोबत तळाला जातील?

कार्ट्रिज फिल्टर किती मायक्रॉनचा लावता? फ्लुओरोसंट कण (लेझर पडला की वेगळ्या रंगात चमकणारे, म्हणजे बुडबुड्यांपासून वेगळे ओळखता येणारे) माहीत आहेत, पण बजेट बघता ते नकोच. किनारपट्टीवर असं काम केलेलं कुणी आहे का?

आणि हो, लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलशिवाय काय करता?