स्टार-डेल्टाचे तयार तुकडे ड्रॉईंगमधे जोडायला कुठलं सॉफ्टवेअर? (बजेट वर्षाला २५ हजार)

पॅनेलवाला_भोसरी: नमस्कार मंडळी. मोटारींच्या कंट्रोल पॅनेलचं छोटं वर्कशॉप आहे, वायरिंगचं ड्रॉईंग ऑटोकॅड एलटीवर (ऑटोकॅडची छोटी आवृत्ती) करतो. डीओएल, स्टार-डेल्टा, रिव्हर्स-फॉरवर्ड अशा मोटर चालवायच्या सगळ्या सर्किटांचे ब्लॉक (तयार तुकडे) करून ठेवलेत पण टाकले की टॅग (भागांची नावं) तेच येतात, पाच मोटारी असल्या की पाचही कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) के१, मग हाताने बदलत बसा आणि शेवटी वायरमन ओरडतो की एकच फेरूल (वायरीवरचा नंबर) दोन ठिकाणी आलंय. तुकडा टाकला की वायरी जोडल्या जाव्यात आणि नंबर आपोआप पुढचे यावेत, एवढंच हवंय. २५ हजाराच्या वर जाणार नाही.

सम्या_कंट्रोल: सरळ ईप्लॅन (इलेक्ट्रिकल ड्रॉईंगचं सॉफ्टवेअर) घे, विषय संपला. विंडो मॅक्रो (म्हणजे तयार तुकडा) बनवायचा, एका मॅक्रोत ए ते पी असे सोळा व्हेरियंट बसतात, वर प्लेसहोल्डर ऑब्जेक्ट ठेवला (त्यात माहिती आधीच भरलेली असते, जहाजाच्या नांगराचं चिन्ह दिसतं) की साडेसात किलोवॉट निवडलं की कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोडचे (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रिले) पार्ट नंबर बदलले. आम्ही ४० पानांचं ड्रॉईंग दुपारपर्यंत देतो.

पॅनेलवाला_भोसरी: दादा, २५ हजार लिहिलंय वर.

सम्या_कंट्रोल: एकदाच काय ते नीट घ्यावं माणसाने.

ठाणे_ताई: मी पण ईप्लॅनच म्हणेन, पण मॅक्रो म्हणजे जादू नाही. जोडणी कशी होते ते आधी बघा. दोन कनेक्शन पॉईंट एका सरळ रेषेत समोरासमोर आले की रेघ आपोआप पडते. आधीच्या डिझायनरने मॅक्रो वेगळ्या ग्रिडवर (ड्रॉईंगमागच्या ठिपक्यांच्या जाळीवर) केलेले, डोळ्याला सगळं जुळलेलं दिसायचं पण कनेक्शन लिस्टमधे अर्ध्या वायरी गायबच. सगळे तुकडे एकाच ग्रिडवर करा. आणि तुकड्याच्या बाहेर जाणाऱ्या वायरीला इंटरप्शन पॉईंट (वायर दुसरीकडे पुढे चालू आहे ही खूण) लावून नाव ठरवून टाका, २४ व्होल्ट प्लसचं नाव प्रत्येक तुकड्यात तेच हवं, नाहीतर दुसऱ्या पानावर जोडीच लागत नाही.

फुकटचंद: क्यूईलेक्ट्रोटेक बघा की, पैसे शून्य. वायरला आपोआप नंबर देतं, एका पोटेन्शियलच्या (एकमेकींना थेट जोडलेल्या) सगळ्या वायरींना एकच नंबर, पुढच्या पानाला बाण जोडता येतात. मी एक नमुना प्रोजेक्ट उघडा ठेवतो, त्यातून स्टार्टर उचलून नवीन प्रोजेक्टमधे पेस्ट.

पीसीबी_पक्या: कायकॅड ९ मधे डिझाईन ब्लॉक आलेत, २०२५ पासून. सर्किटचा तुकडा लायब्ररीत ठेवायचा आणि कुठेही टाकायचा, मस्त चालतं.

फुकटचंद: ते पीसीबीचं (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचं) आहे रे, इथे कॉन्टॅक्टर चाललेत.

जुना_वायरमन: सॉफ्टवेअर राहू दे, तुमच्या स्टार-डेल्टाच्या तुकड्यात ओव्हरलोड कुठे आहे? मेन कॉन्टॅक्टरच्या खाली फेजमधे असेल तर सेटिंग मोटरच्या करंटच्या ०.५८ पट. पोरं पूर्ण करंटला लावतात आणि मोटर जळाली की मोटरवाल्याला शिव्या.

सम्या_कंट्रोल: काका, आम्ही लाईनमधेच (करंट वाटला जायच्या आधी) लावतो, मग पूर्ण करंटच लावायचा.

जुना_वायरमन: मग मोठा ओव्हरलोड घे, पैसे झाडाला लागलेत.

कॅडवाला_नाशिक: मूळ प्रश्नावर येऊ का? पूर्ण ऑटोकॅडबरोबर इलेक्ट्रिकल टूलसेट मिळतो, एलटीबरोबर नाही. त्यात कॉपी सर्किट केलं की टॅग आपोआप पुढचे पडतात. फक्त वायर ही वायरच्या लेयरवर हवी, साध्या लेयरवरच्या रेघेला ते वायर मानत नाही. तुमचे जुने ब्लॉक जसेच्या तसे चालणार नाहीत, हे धरून चला.

हर्षू१२: ईप्लॅन घ्या सर, बेस्ट आहे.

पॅनेलवाला_भोसरी: सगळ्यांचे आभार. एलटीवरच राहतोय. २०२४ च्या आवृत्तीपासून एलटीत लिस्प (ऑटोकॅडमधे प्रोग्राम लिहायची भाषा) चालतं, भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडून टॅग आणि वायर नंबर पुढे सरकवणारं छोटं प्रोग्राम लिहून घेतो. ताईंचं ग्रिडचं आणि नावांचं मात्र करणार, ब्लॉक सगळे नव्याने काढायला बसलोय.

सम्या_कंट्रोल: भाच्याला नोकरी लागली की प्रोग्राम कोण दुरुस्त करणार?

जुना_वायरमन: ओव्हरलोड कुठे आहे ते सांगितलंच नाही यांनी.