म्हाताऱ्या माणसांचा खोकला साधा नाही, हे कशावरून ओळखलंत? (अनुभव धागा)

आमचे आबा ७८ वर्षांचे, शुगर जुनी. थंडीत सर्दी झाली, पण ताप नव्हता म्हणून आम्ही निर्धास्त. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या रश्श्याची वाटी बाजूला सारली. कोल्हापुरात याहून मोठी धोक्याची घंटा कुठली! संध्याकाळी मला काकाच्या नावानं हाक मारायला लागले. वय झालं म्हणून आम्ही हसलोसुद्धा. शुगर बघितली तर ३४०, आणि एक्स-रेत न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, या वयात न्यूमोनियाला ताप येतोच असं नाही, अचानक बरळणं हीच खूण समजा. तुमच्याकडं कसं कळलं?

कसबा बावडा : आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागायचा फुफ्फुसाचा जुना आजार. जन्म गुऱ्हाळाच्या धुरात गेला. तिचा ऑक्सिजन एरवीच ९०-९१, त्यामुळं '९४ च्या खाली गेला की पळा' हा नियम आमच्या कामाचा नाही. बरी असतानाचा आकडा डॉक्टरांना दाखवून कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. गेल्या खेपेला आकड्याआधी बेडक्यानं सांगितलं. पांढरा होता, तो दाट हिरवट झाला, आणि दम लागल्यावर ओढायचा औषधाचा पंप तासातासाला मागायला लागली. दुपारी ८६.

गडहिंग्लज : आमचं तात्या लई हट्टी. हार्टचं दुखणं, पण "काय हुतंय मला" चालूच. खोकल्यानं झोप न्हाई म्हणून खुर्चीत बसून झोपायचं. आडवं पडलं की दम लागतोय हे कबूलच करंनात. पायावर सूज बघितली तवा डोक्यात परकाश पडला. छातीत इन्फेक्शन, वर फुफ्फुसात पाणी.

राजारामपुरी : मी नर्स आहे. श्वास मोजायला शिका. माणूस शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट. सांगितलंत की श्वास बदलतो. १२ ते २० ठीक, २५ च्या वर त्याच दिवशी डॉक्टर, ३० म्हणजे दवाखानाच. ऑक्सिमीटर गार बोटांवर किंवा मेंदीवर फसवतो. एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले तर मोजत बसू नका, १०८ लावा.

धागाकर्ता : आमची एक चूक राहिली सांगायची. खोकल्याचं गुंगी आणणारं औषध आम्हीच आणून पाजलं होतं. त्यामुळं आबा झोपाळलेत ते औषधानं की आजारानं, यात एक दिवस गेला.

कसबा बावडा : आता कसे आहेत?

धागाकर्ता : घरी आलेत. काल तांबडा मागत होते.