बेकारी भत्त्याच्या दाव्यात मालकाच्या नोंदीला किती वजन असावे?

भोसरीकर

ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आहे. तरीही ज्यांच्या पगारातून दरमहा ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांतल्या अनेकांना ती नोकरी गेल्यावरच कळते. विमाधारक कामगार बेकार झाला तर त्याला आयुष्यात मिळून ९० दिवसांपर्यंत रोख मदत मिळते. सुरुवातीला ही मदत सरासरी दैनिक मजुरीच्या २५ टक्के होती. २४ मार्च २०२० पासून ती ५० टक्के झाली, दाव्यासाठी थांबण्याची मुदत ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आली आणि मालकामार्फतच अर्ज पाठवण्याची सक्ती गेली. पुढे शपथपत्राची अटही काढण्यात आली. कागदावर हे सगळे कामगाराच्या बाजूचे आहे.

माझा मेहुणा चाकणजवळच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत जवळजवळ तीन वर्षे काम करत होता. एके दिवशी पाळी संपताना त्याला आणि आणखी काही जणांना उद्यापासून येऊ नका, असे सांगण्यात आले. राहिलेला पगार आणि बोनसचा हिशेब घ्यायला गेल्यावर त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला गेला. त्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ असे लिहिलेले होते आणि सही केल्याशिवाय हिशेब मिळणार नव्हता. घरभाडे थकलेले होते, त्याने सही केली. दोन महिन्यांनी दावा दाखल केला, तेव्हा ठेकेदाराने ऑनलाइन नोंदीत ‘नोकरी सोडली’ हे कारण भरलेले आढळले. शाखा कार्यालयाने पडताळणीसाठी ठेकेदारालाच विचारले, आणि ठेकेदाराने तो राजीनामा पुढे केला. स्वतःहून काम सोडणाऱ्याला ही मदत मिळत नाही, त्यामुळे दावा तिथेच थांबला.

मालकामार्फत अर्ज करण्याची सक्ती गेली असली, तरी मालकाच्या शब्दाची सक्ती गेलेली नाही. ज्याने कामावरून काढले, त्याच्याच नोंदीवर ‘काढले’ की ‘सोडले’ हे ठरत असेल, तर हा भत्ता ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या सर्वांत दुबळ्या माणसापर्यंत तो पोहोचणार नाही. माझे मत असे आहे की, कामगाराने बेकार असल्याचे लेखी सांगितले की दावा ग्राह्य धरावा. तो स्वतःहून गेला हे ठेकेदाराने पंधरा दिवसांत पुराव्यासह दाखवावे, आणि नुसता छापील राजीनामा हा पुरावा मानू नये. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणे अवश्य मांडावीत.

हिशेबतपासनीस

मला हे पटत नाही, आणि कारण अनुभवातले आहे. मी काही लहान कारखान्यांचे आणि ठेकेदारांचे वेतन व वर्गणीचे काम पाहतो. महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. ज्याची हजेरी शून्य आहे, त्याच्या नावापुढे यादीतले एक कारण निवडावे लागते. यादीत रजा, नोकरी सोडली, निवृत्ती, मृत्यू, संप किंवा टाळेबंदी, छाटणी, काम नाही अशी कारणे असतात. दोनशे नावे भरणारा कारकून बहुतेक वेळा ‘नोकरी सोडली’ निवडतो, कारण त्याला कोणी काही सांगितलेले नसते. ही हलगर्जी आहे हे मी मान्य करतो, पण प्रत्येक वेळी त्यामागे कट नसतो.

आता दुसरी बाजू पाहा. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात तरुण मुले आठ-दहा महिन्यांत ठेकेदार बदलतात, कुठे दीड हजार जास्त मिळाले म्हणून, तर कुठे गावाकडे शेतीच्या कामासाठी. यात काही गैर नाही, पण त्याला बेकारी म्हणता येत नाही. ईएसआयचा निधी कामावर असलेल्यांच्या पगाराच्या चार टक्क्यांतून उभा राहतो, त्यातले ३.२५ टक्के मालकाचे आणि ०.७५ टक्के कामगाराचे. त्याच निधीतून दवाखाने, आजारपणाची रजा आणि बाळंतपणाचा लाभ चालतो. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे ग्राह्य धरायचे ठरवले, तर खरा बेकार आणि नोकरी बदलणारा यांत फरक कोण करणार? तो फरक मालकालाच माहीत असतो. मालक खोटे बोलला तर त्याला शिक्षा करा, पण त्याला विचारूच नका, हे धोरण होऊ शकत नाही.

भोसरीकर

विचारू नका, असे मी म्हटलेलेच नाही. विचारावे, पण उत्तर सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची असावी. आणि नोकरी बदलणारा ओळखण्यासाठी ठेकेदाराची गरजच नाही. तो दुसऱ्या कारखान्यात लागला की त्याच विमा क्रमांकावर नवी वर्गणी जमा होऊ लागते आणि ती महामंडळाच्या पडद्यावर दिसते. मेहुण्याच्या क्रमांकावर दोन महिने एक रुपयाही जमा झालेला नव्हता. इतका स्पष्ट पुरावा स्वतःच्या दप्तरात असताना, ज्याचा हितसंबंध आहे त्याचा शब्द वरचढ का ठरावा?

सातपूरची

त्याच विमा क्रमांकावर, असे आपण लिहिले आहे. खरी अडचण नेमकी तिथेच आहे, आणि ती आपल्या मागणीने सुटणार नाही. मी नाशिकच्या सातपूर-अंबड भागात पॅकिंगच्या कामावरच्या महिलांसोबत बरीच वर्षे काम करते. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक विचारतच नाही, सरळ नवा काढतो. एका बाईकडे तीन ई-पेहचान कार्डे, म्हणजे ईएसआयची ओळखपत्रे, होती, एकावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर नावातले अक्षरच चुकलेले. या योजनेसाठी बेकार होण्याआधी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी लागते. शिवाय लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि उरलेल्या तीन सहामाहींपैकी एकीत तितकीच वर्गणी हवी. या सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा धरल्या जातात. क्रमांक तीन ठिकाणी तुटलेला असेल, तर सलग राबलेली बाई संगणकाला नवखी दिसते.

रकमेवरही परिणाम होतो. सरासरी काढताना मागच्या चार सहामाहींचा एकूण पगार ७३० ने भागतात. महिना १६,००० रुपये पगार पूर्ण दोन वर्षे नोंदला गेला असेल, तर एकूण ३,८४,००० होतात; दिवसाची सरासरी ५२६ रुपये, तिचे निम्मे २६३, आणि ९० दिवसांचे सुमारे २३,६७० रुपये मिळतात. त्यातले सहा महिने दुसऱ्या क्रमांकावर अडकले, तर भागाकार ७३० नेच होतो आणि हातात सुमारे १७,७५० रुपये येतात. भाग्य असेल तर. पुष्कळदा पात्रताच जाते.

म्हणून राजीनाम्याच्या वादाआधी, नोकरी चालू असतानाच शाखा कार्यालयात अर्ज देऊन सगळे क्रमांक एकत्र करून घ्या, आधारवरचे नाव आणि विम्यावरचे नाव अक्षरशः जुळवा, आणि मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तोही बदलून घ्या, नाहीतर दाव्याचा ओटीपी बंद पडलेल्या सिमकार्डावर जात राहतो. आमच्याकडे जितके दावे अडकले, त्यांतले बहुतेक या तीन कारणांनी अडकले.

एडिसनहून

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेल्या वर्षी कंपनीने माझे पद रद्द केल्यावर राज्याच्या बेकारी विम्याचा दावा केला होता. येथे बेकारी विमा प्रत्येक राज्य चालवते, आणि न्यू जर्सीत त्यासाठी कामगाराच्या पगारातूनही थोडी कपात होते, त्यामुळे हा हक्काचा पैसा आहे ही भावना पक्की असते. दावा केला की राज्य मालकाला कळवते आणि त्याचे म्हणणे मागवते. दोघांत मतभेद असेल तर निर्णय लेखी येतो आणि त्यावर अपील करता येते. अपिलाची सुनावणी बहुतेक वेळा फोनवर होते.

या धाग्याला उपयोगी ठरेल अशी गोष्ट म्हणजे पुराव्याची वाटणी. अमेरिकेत साधारण तत्त्व असे आहे की, कामगाराला गैरवर्तनामुळे काढले, असे मालक म्हणत असेल तर ते मालकाने सिद्ध करायचे. पण कामगाराने स्वतः नोकरी सोडली असेल, तर सोडण्याला योग्य कारण होते हे कामगाराने सिद्ध करायचे. म्हणजे भोसरीकर यांची अर्धी मागणी तेथे मान्य आहे आणि अर्धी नाही.

नोंदींवर आंधळा विश्वास ठेवणे किती महागात पडते, हेही सांगायला हवे. मिशिगन राज्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये दावे तपासणारी संगणकप्रणाली आणली. कामगाराची माहिती आणि मालकाची माहिती जुळली नाही की ती कामगारावर फसवणुकीचा ठपका ठेवत असे. ऑगस्ट २०१५ पर्यंत ४०,००० पेक्षा जास्त लोकांवर असे चुकीचे आरोप झाले, त्यांच्याकडून पैसे दंडासह वसूल करण्यात आले. हिशेबतपासनीस यांनी सांगितलेला यादीतून सवयीने कारण निवडणारा कारकून, आणि त्या निवडीवर निकाल देणारी यंत्रणा, हे दोन्ही एकत्र आले की काय होते, ते तिथे दिसले.

निवृत्त कारकून

मी अशाच एका शाखा कार्यालयात नोकरी केली आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काही सांगावेसे वाटते.

भोसरीकर, पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर दावा मंजूर, हा नियम मला धोक्याचा वाटतो. पुष्कळ ठेकेदारांचे कार्यालय म्हणजे एक खोली आणि एक फोन असतो. ठेका संपला की दोन्ही बंद. तिथे मौन म्हणजे संमती नव्हे, तिथे उत्तर द्यायलाच कोणी उरलेले नसते. अशा वेळी मुख्य मालकाला, म्हणजे ज्या कारखान्याच्या आवारात काम झाले त्याला, विचारले पाहिजे. १९४८ च्या ईएसआय कायद्यात ठेकेदाराच्या कामगारांचीही वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती, ती उगाच नव्हे. फाटकावरची हजेरी त्याच्याकडे असते.

हिशेबतपासनीस, तुम्हीही एक गोष्ट सोडलीत. मालकाने वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळाने कामगाराला लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद त्याच कायद्याच्या ६८ व्या कलमात होती. म्हणजे मालकाच्या चुकीचा भार कामगारावर पडू नये, हे तत्त्व जुनेच आहे. चुकीच्या कारणाची नोंद ही तशीच चूक का मानू नये? फसवणुकीची भीती असेल, तर खोटे निवेदन देऊन लाभ घेणाऱ्याला शिक्षा करणारे ८४ वे कलम होतेच, आणि या योजनेतही अशा माणसाला अपात्र ठरवले आहे.

मेहुण्यांच्या बाबतीत मी असे सुचवीन की, एकट्याने अर्ज रेटू नये. त्याच दिवशी, त्याच छापील मजकुरावर सही केलेल्या सगळ्यांनी मिळून एक लेखी निवेदन द्यावे. एका दिवशी एकाच शब्दांत अनेकांना वैयक्तिक कारण सुचत नाही, हे कोणत्याही अधिकाऱ्याला कळते. सोबत बँकेचे उतारे जोडावेत, त्या तारखेनंतर पगार जमा नाही हे त्यातून दिसेल. निवेदनाची पोच घ्यावी, आणि नकार आला तर तो लेखी मागावा. तोंडी नकारावर पुढे कुठेही दाद मागता येत नाही.

हिशेबतपासनीस

६८ व्या कलमाचा मुद्दा मी मान्य करतो. तरीही ते कलम कायद्यातल्या लाभांसाठी होते. ही योजना वेळोवेळी मुदत वाढवून चालवलेली मदत आहे. ती कायद्यातल्या लाभांइतकी पक्की मानायची का, हा प्रश्न उरतोच.

भोसरीकर

उरतो, आणि माझा आग्रह तिथेच आहे. मुदतवाढीवर जगणारी मदत हक्क म्हणून मागता येत नाही, म्हणून ती आजारपणाच्या लाभासारखी कायद्यातच असायला हवी.

निवृत्त कारकून यांचे म्हणणे पटले. मौनालाच मंजुरी मानण्याची मागणी मी मागे घेतो. त्याऐवजी ठेकेदार उत्तर देत नसेल तर मुख्य मालकाची हजेरी मागवावी, आणि छापील राजीनाम्यापेक्षा त्या हजेरीला व वर्गणीच्या कोऱ्या नोंदीला जास्त वजन द्यावे. मेहुण्यासोबत काढलेल्यांपैकी सहा जणांचे फोन लागले आहेत, दोघे गावी गेले आहेत. सातपूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे विमा क्रमांक तपासले, तेव्हा त्या सहांपैकी दोघांचे दोन-दोन क्रमांक निघाले. त्यांचे अर्ज आधी द्यायचे आणि मग एकत्र निवेदन, असे ठरवले आहे.

सातपूरची

क्रमांक एकत्र झाल्याची नोंद पडद्यावर दिसेपर्यंत दावा दाखल करू नका. आणि गावी गेलेल्या दोघांनाही निवेदनात घ्या.