इंग्लंडच्या जमीन कायद्यातली फ्रेंच: गरज की कुंपण?

नदीकाठ: १०६६ नंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजवटीबरोबर इंग्लंडच्या कोर्टात फ्रेंच शिरली. १३६२ मध्ये कायदा झाला की लोकांना फ्रेंच कळत नाही, खटले इंग्रजीत चालवा. तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला! वकिलांची पुस्तकं आणि टिपणं पुढेही तीन शतकं फ्रेंचमध्येच राहिली. ज्याची जमीन त्यालाच कळू नये, म्हणून घातलेलं हे कुंपण होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधावरून: अजिबात पटलं नाही. 'फी टेल' या जमीनमालकीच्या प्रकारातला 'टेल' म्हणजे फ्रेंचमध्ये कापलेला. हक्क कापून फक्त पोटच्या वारसांपुरता ठेवलेला. एका शब्दात अख्खी व्यवस्था. शब्द बदलला की प्रत्येक जुन्या निकालावर नव्याने वाद. १९२५ च्या मालमत्ता कायद्यानेही 'फी सिंपल', म्हणजे वारसांची अशी अट नसलेली पूर्ण मालकी, हे नाव तसंच ठेवलं, ते उगाच नाही.

पारिजात: आणि 'फेम कव्हर्ट'? म्हणजे झाकलेली बाई, लग्न झालेली. तिच्या जमिनीचं उत्पन्न नवऱ्याचं. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर स्वतंत्र मिळकत ठेवायचा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. साध्या इंग्रजीत म्हटलं असतं तर इतकी शतकं खपलं असतं का?

बांधावरून: अन्याय कायद्याचा होता, शब्दाचा नव्हे. उलट 'मॉर्गेज' बघा: मॉर्ट गेज, मेलेलं गहाण. बाराव्या शतकातल्या ग्लॅनव्हिलच्या ग्रंथात फरक दिलाय. जमिनीच्या उत्पन्नातून मुद्दल फिटत असेल तर गहाण जिवंत. उत्पन्न सावकार खातो आणि मुद्दल तसंच राहतं ते मेलेलं. आमच्या आजोबांचं कोकणातलं भाताचं खाचर असंच ताबेगहाण होतं. दरवर्षीचं भात व्याजात जायचं, रक्कम एका रुपयाने कमी झाली नाही. ते कागद वाचताना मला 'मेलेलं' हाच शब्द आठवला. इतका खरा शब्द टाकून का द्यायचा?

नदीकाठ: शब्द खरा आहे, मान्य. पण 'मेलेलं' हे तुम्हाला आज, पुस्तक वाचून कळलं. तिथल्या शेतकऱ्याला ते कोणी सांगितलं होतं? तुमच्या आजोबांना निदान 'ताबेगहाण' ऐकल्यावर कळलं असेल की खाचराचा ताबा जाणार. अंगठा उठवण्याआधी कळलं असेल.