कलेचे मोल ती समजणाऱ्यांच्या संख्येवर ठरते का?

गाणेवेडी, ठाणे
घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत गणेशोत्सवाच्या एका संध्याकाळी ख्यालगायन, म्हणजे शास्त्रीय गाणे, ठेवावे, असे मी बैठकीत सुचवले. त्यावर शेजारच्या इमारतीतील एका काकांनी अगदी शांतपणे विचारले, "ताई, हे कळणारी माणसे आपल्याकडे किती? दहा? मग वर्गणी सगळ्यांची का?" वर्गणीचा मुद्दा मला तिथल्या तिथे पटला. घरी आल्यावर मात्र त्यामागचा दुसरा प्रश्न पाठ सोडेना. जे थोड्यांनाच कळते, त्याचे मोलही थोडेच असते का? मी स्वतः बारा वर्षे गाणे शिकत आहे, त्यामुळे माझे मन एका बाजूला झुकलेले आहे; म्हणून आपली मते हवी आहेत.

वाशीकर
मी काकांच्या बाजूचा आहे. आपल्या भाषेचा पायाच मुळी या आग्रहावर उभा आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, तो संस्कृतच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी. टॉलस्टॉयनेही उतारवयात हेच मांडले की उत्तम कला साध्या माणसाला भिडलीच पाहिजे, आणि या कसोटीवर स्वतःचे बहुतेक लेखनही त्याने नापास केले. 'लोकांना कळत नाही' असे म्हणताना कलावंत बऱ्याचदा स्वतःचे काम अर्धवट सोडून दोष लोकांच्या माथी मारतो, असे मला वाटते.

कुडाची भिंत
वाशीकर, मला इथे वारली चित्रे आठवतात. मी नोकरीनिमित्त काही वर्षे डहाणूच्या बाजूला राहिलो. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. तिथे एका पाड्यावर मी लग्नचौक, म्हणजे लग्नासाठी घराच्या भिंतीवर काढायचे चौकोनी चित्र, काढताना पाहिला. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, वाटीत पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. सवाशिणी भिंतीशी बसून चौकाच्या कडा भरत होत्या, मध्ये पालघाट देवी उभी राहत होती आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, लग्नाची गाणी गात होती. मला त्यातले फार थोडे कळले. पण माझ्या न कळण्याने तिथे कुणाचेच काही अडले नव्हते.

पुढे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही चित्रे जगभर गेली आणि २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. आज तीच माणसे, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा तोच नाच ठाण्यातल्या दुकानांत कपांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर दिसतो. ओळखणारे लाखो झाले, पण चौकात देवी का असते हे त्यांपैकी किती जणांना सांगता येईल? पसरणे आणि समजणे या दोन गोष्टी आपण एकाच मापाने मोजतो, तिथेच घोटाळा होतो. संख्येवर मोल ठरायचे असेल, तर कपावरचे चित्र भिंतीवरच्या चौकापेक्षा मोठे म्हणावे लागेल, आणि ते म्हणायला माझी जीभ वळत नाही.

वाशीकर
आपले उदाहरण मला विचारात पाडणारे आहे. तरी एक नोंदवतो: त्या पाड्यावर तो चौक सगळ्यांनाच कळत होता. तिथे दहा जाणकार आणि बाकीचे अडाणी अशी फाळणी नव्हती. गाणेवेडी यांच्या सोसायटीत ती आहे, आणि मला खुपते ती हीच.

जुना वाचक, नौपाडा
ही फाळणी कायमची नसते. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा शिक्का बसला होता. त्यांच्या एका कवितेतल्या पिंपातल्या मेलेल्या उंदरांनी त्या काळच्या वाचकांना गोंधळात टाकले. तीच कविता पुढे महाविद्यालयांत शिकवली गेली. मधल्या काळात कवितेचा एक शब्द बदलला नाही, बदलली ती वाचणाऱ्यांची सवय. म्हणून 'किती जणांना कळते' यापेक्षा 'कळून घ्यायची वाट कुणी दाखवली का' हे विचारणे मला अधिक न्याय्य वाटते. अर्थात दुर्बोध ते सारे थोर, असे मी म्हणत नाही; वेळ देऊनही पोकळच निघालेले लेखन मी पुष्कळ वाचले आहे.

गाणेवेडी, ठाणे
सर्वांचे मनापासून आभार. 'वाट' हा शब्द मनात धरून मी काल काकांकडे गेले. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, जवळपास मिनिटभर चालते, त्यामुळे नव्या श्रोत्याला गाणे कुठेच पोहोचत नाही असे वाटते. ते पोहोचते समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पण सम कुठे आहे हे कुणी सांगितलेलेच नसते. मी बारा मात्रा त्यांना बोटांच्या पेरांवर मोजायला दिल्या आणि समोर बसून बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेवर येणारी सुरुवातीची ओळ, गायले. पहिल्या दोन वेळा त्यांचा हात समेच्या आधीच खाली आला. तिसऱ्यांदा माझा स्वर आणि त्यांची टाळी एकाच क्षणी पडली, तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते म्हणाले, "पुन्हा एकदा घ्या." वर्गणीचे अजून ठरलेले नाही. रविवारी त्यांच्याच घरी सहा-सात जण बसणार आहोत.