जांघेतला नायटा: ट्यूब बंद केली की परत का येतो?

केळीवाला, रावेर
पावसाळ्यात केळीबागेत दिवसभर ओल्या कपड्यात काम. निम्म्या मजुरांच्या जांघेत नायटा आहे. मेडिकलच्या ट्यूबनं दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की आधीपेक्षा मोठा चट्टा. औषध बदलायचं का?

तापीकाठ
आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा भाऊ. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन यांपैकी काही दिसलं की ते स्टेरॉइड. त्यानं लाली-खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची कड पुसट होते, मग डॉक्टरही चकतात. महिनोनमहिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन भेगांसारखे पट्टे उमटतात, ते पुरते जात नाहीत.
बुरशी मारणारं मलम लावा, स्टेरॉइड नसलेलं: नुसतं ल्युलिकोनाझोल १ टक्का दिवसातून एकदा, नाहीतर क्लोट्रिमाझोल दोनदा. कोरड्या जागेवर, कडेच्या बाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं. मधला भाग आधी बरा दिसतो, पण बुरशी कडेला जिवंत असते. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. इथंच सगळे घसरतात. लिंबू, सोडा, रॉकेल अजिबात नको.

सातपुडा_४५
करदोड्याचं कोणी बोलत नाही! घामानं भिजलेला तो दोरा महिनोनमहिने तसाच असतो. बरं होईपर्यंत काढून ठेवा.
टॉवेल आणि चड्ड्या घरच्यांपासून वेगळ्या, गरम पाण्यात धुवा, उलट्या करून उन्हात वाळवा. झड लागली तर शिवणींवरून गरम इस्त्री. बागेतून आल्यावर लगेच अंघोळ, सुती सैल चड्डी. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्यांनाही औषध, आणि पाय पुसलेला टॉवेल जांघेला लावू नका.

केळीवाला, रावेर
मेडिकलवाला इट्राकोनाझोलच्या गोळ्या देतो म्हणतो. घ्यायच्या?

तापीकाठ
चिठ्ठीशिवाय नाही. हृदय कमजोर असलेल्याला त्या धोक्याच्या, आणि सिम्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर चालत नाहीत. डॉक्टरांनी दिल्या तर कॅप्सूल जेवणानंतर लगेच. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर अंगी लागत नाही.
अंडकोषावरही लाल, ओलसर आणि भोवती बारीक पुटकुळ्या असतील तर तो बहुधा कॅन्डिडा, म्हणजे वेगळ्या जातीची बुरशी. खाज जवळपास नाही, डाग तपकिरी, तर जिवाणूंचा एरिथ्रास्मा असू शकतो, त्याची औषधं वेगळी. महिनाभरात फरक नसेल तर कडेचा कोंडा खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का ते बघणं) करून घ्या, रक्तातली साखरही बघा. घरात आणखी कोणाला असेल तर त्याचे उपचार त्याच वेळी सुरू करा.