‘लागत’ मराठी नाही म्हणे?

आर्वीकरीण
आतल्या एका गावात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. सहामाहीला नफ्याची व्याख्या विचारली होती. एका पोट्ट्यानं लिहिलं, ‘लागत वजा जाता जे हातात उरते तो नफा’. मी पूर्ण मार्क दिले. पेपर नंतर दुसऱ्या सरांकडे गेले, त्यांनी ‘लागत’ला लाल गोल केला, अर्धा मार्क कापला आणि बाजूला लिहिलं, हिंदी शब्द, उत्पादन खर्च लिहा. पोरगा म्हणे मॅडम, घरी तं सगळे लागतच म्हणतात. मला धड उत्तर देता आलं नाही. लागत आपला की हिंदीचा? आणि दोन्हीचा अर्थ एकच ना?

व्याकरणमित्र
हिंदीच. पुण्या-साताऱ्याकडे कुणी लागत म्हणत नाही. आज लागत चालवलं तर उद्या पोरं मुनाफा लिहितील.

तुरीचा खुंट
पुण्याकडे कपाशीले पऱ्हाटी पण म्हणत नाहीत, म्हणून आमच्या वावरात ती उगवत नाही का? लागणे मराठीच आहे ना भाऊ. लग्नाले किती लागले, घर बांधाले किती लागले, त्याचंच लागत. अन् तुमच्या उत्पादन खर्चातला खर्च फारसीतून आला, नफा अरबीतून. शुद्ध काय उरलं, फक्त उत्पादन.

व्याकरणमित्र
ते शब्द शेकडो वर्षांपूर्वी रुळले. शिवाय हमीभाव सुचवणारा केंद्राचा जो आयोग आहे, हिंदीत त्याचं नावच ‘कृषि लागत और मूल्य आयोग’ आहे, मराठीत आपण कृषी मूल्य आयोग म्हणतो. यावरूनच कळतं शब्द कुणाचा.

तुरीचा खुंट
हाव, मराठीत येता येता लागतच गळाली. शेतकऱ्याच्या बाबतीत नेहमी तीच गळते.

वर्धेचा जावई
नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, विसरू नका. कोर्टकचेरी, बाजार, सगळीकडे दोन्ही भाषा. आमच्या सासरी अजून ‘हिसाब’ म्हणतात. मी सुरुवातीला हसायचो, आता तोंडात तेच बसलं.

वावरवाली
शब्द कुणाचा ते राहू द्या, अर्थ एक नाहीच. आमचे बाबा कॅलेंडरच्या मागच्या पानावर लागत काढतात, बियाणं, खत, फवारणी, वेचाई, गाडीभाडं, सगळं एकाखाली एक. आईचं नाव त्यात कधीच नसते. ती दुसऱ्याच्या वावरात निंदाले गेली तं संध्याकाळी मजुरी मिळते, आपल्या वावरात दिवसभर वाकली तं शून्य. अन् मग बाबा म्हणतात औंदा चार पैसे सुटले. एकदा म्या आईचे दिवस मोजून मांडले तं सुटलेले पैसे तिच्या मजुरीपेक्षा कमी निघाले. बाबांनी कॅलेंडर उलटं टांगलं.

आर्वीकरीण
हेच वर्गात सांगायला पाहिजे. आयोगाच्या हिशेबात याचेच थर आहेत. ए-२ म्हणजे खिशातून गेलेला पैसा, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की ए-२ अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं, स्वतःच्या भांडवलाचं व्याज पण धरलं की सी-२. म्हणजे कागदावर तरी तुमची आई दुसऱ्या थरात येते. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाची लागत ५,१४० रुपये क्विंटल धरली आणि हमीभाव ७,७१० दिला, बरोबर दीडपट. पण ही दीडपट दुसऱ्या थराची आहे, शेतकरी संघटना मागतात ती सी-२ ची. आता माझ्या पोट्ट्याची ‘लागत’ कोणती समजायची?

जुनी पायली
दीडपट वाचून दिढी आठवली. आजी सांगे, पेरणीच्या टायमाले सावकाराकडून एक पोतं ज्वारी आणायची अन् सुगीवर दीड पोतं घालायचं ती दिढी, सव्वा घातलं तं सवाई. सहा-आठ महिन्यांत पन्नास टक्के! तरी आजी त्या सावकाराले इमानदार म्हणे, काहून तं देतानाची अन् घेतानाची पायली एकच वापरे. बाकीच्यांकडे दोन असत.

वर्धेचा जावई
हे व्याज झालं की नफा? आणि एका पायलीवर माणूस इमानदार ठरतो का, हा पण पेपरात विचारा.

व्याकरणमित्र
दिढी नव्हे, दिडी. ‘दीड’ला ड आहे.

जुनी पायली
आजीच्या तोंडात ढ होता. तिच्याशीच भांडा.

आर्वीकरीण
अहो पण अर्धा मार्क देऊ की नको? परत तपासणीचा उद्या शेवटचा दिवस आहे.

तुरीचा खुंट
द्या ना मॅडम, उशिरा आलेला चुकारा समजून घेईन पोट्टा.

वर्धेचा जावई
हे चुकारा काय प्रकरण आहे? कापूस घातल्यावर मिळतात ते पैसे ना? चूकवरून आला का?

व्याकरणमित्र
चुकता करणे, चुकवणे यावरून असावा. चूक म्हणजे गलती, त्याचा इथे काय संबंध.

तुरीचा खुंट
तुम्ही कापूस घालून चार महिने बँकेच्या चकरा मारल्या नाहीत वाटते.